पाटीच्या पेन्सिलीच्या खाचा

बाईंनी पहिल्याच भेटीत मला माझ्याच घराबाहेर काढलं.

आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. दुधाची बाटली घेऊन मी दारातून आत शिरत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "त्या दाराने नाही." वळून पाहिलं तर फाटकाशी एक उंच, हाडकुळी इंग्रज बाई. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात शिट्टी, केस स्वतःच आरशात न बघता कापलेले. तिने माझ्या डोक्यावरच्या दगडाकडे बोट दाखवलं. दगडात 'गर्ल्स' असं कोरलेलं होतं. मी, साठी उलटलेला निवृत्त इंजिनिअर, या घराचा मालक, मुकाट्याने बाहेर आलो, घराला वळसा घातला आणि दुसऱ्या टोकाच्या 'बॉइज' लिहिलेल्या दारातून आत गेलो. आत पाहतो तर ही बाई 'गर्ल्स'च्या दाराने आधीच आत येऊन स्वयंपाकघरात सुलभाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, बोलत उभी.

"ह्या कोण?" मी मराठीत विचारलं.

"हेडमिस्ट्रेस," सुलभा म्हणाली. "आपण त्यांच्या शाळेत राहतोय म्हणे."

ते खरंच होतं. श्रॉपशरमधल्या त्या छोट्या गावाची शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद पडली, इमारत विकली गेली, एका बिल्डरने तिचं घर केलं आणि ते आम्ही घेतलं. आयुष्यभर बर्मिंगहॅमच्या कारखान्यात काढल्यावर मला शांत जागा हवी होती. जाहिरातीत 'कॅरॅक्टर प्रॉपर्टी' असं लिहिलं होतं. घराबरोबर हे कॅरॅक्टरही येतं, ते लिहिलं नव्हतं.

त्यांचं नाव मी इथे देत नाही. मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हटलं, आपल्याकडे शाळेत म्हणतात तसं. आणि हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं, की बाईंच्या नावावर बरीच वर्षं एक चूक चिकटून राहिली. ती त्यांची नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. आपल्या मंडळींपैकी ज्यांनी त्या वर्षी माझ्या भिंतीचं कौतुक केलं, त्यांनाही ते कळायला हवं.

बाई दर आठवड्याला यायच्या. बोलावणं लागायचं नाही. आमच्या घरातल्या खोल्यांना त्या जुन्या नावांनीच ओळखायच्या. स्वयंपाकघर म्हणजे लहान मुलांचा वर्ग, न्हाणीघर म्हणजे कोट टांगायची जागा. आमचा फ्रिज पियानोच्या जागी आहे, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटलं. बिस्किट खाण्याआधी ते टेबलावर दोनदा आपटायच्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धैर्य झालं नाही. काही दिवसांनी मीही आपटायला लागलो.

बोलायचं असेल तेव्हा बाई मोठ्याने बोलत नसत, हात वर करून थांबत. गावच्या पबमध्ये शनिवारी फुटबॉलचा आरडाओरडा चाललेला असताना बाईंनी हात वर केलेला मी पाहिलाय. आधी एक टेबल गप्प झालं, मग दुसरं. पब चालवणाऱ्या दांडग्या माणसाने टीव्हीचा आवाज बंद केला. तिथले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी होते. एका टकल्या शेतकऱ्याने तोंडातलं च्युइंगम काढून कागदात गुंडाळलं. मग बाई म्हणाल्या, "बाहेर कोणाच्या तरी गाडीचे दिवे चालू राहिलेत." आणि हात खाली घेतला.

कोणाला काही विचारलं आणि त्याला ते आलं नाही, तर त्या खूष व्हायच्या. "छान," म्हणायच्या, "आता सुरुवात करायला जागा मिळाली." माझ्यावर त्या फारच खूष असायच्या.

बाईंचा खरा उद्योग म्हणजे जिल्ह्यातल्या जुन्या शाळा. बंद पडलेल्या प्रत्येक शाळेचं काय झालं, हे बघायला त्या जात. कुठे घर झालेलं, कुठे गुरांच्या डॉक्टरचा दवाखाना, कुठे नुसतं ट्रॅक्टर ठेवायचं कोठार. आमच्याकडची बस आठवड्यातून कधीतरी येते आणि आलीच तर लवकर निघून जाते, म्हणून पुढे पुढे मी त्यांना गाडीतून न्यायला लागलो. परक्याच्या दारावर टकटक करून त्या सांगत, "मी वर्ग बघायला आलेय." लोक आत घेत. इंग्रज माणूस परक्याला सहसा घरात घेत नाही, पण शाळेतल्या बाईंना नाही म्हणायची ताकद त्याच्यातही नसते. एका शाळेत दाताचा दवाखाना होता. तिथे वाट बघत बसलेल्या लोकांना बाईंनी सांगितलं, की याच खोलीत मी मोठा भागाकार शिकले, तेव्हा भूल मिळत नव्हती.

गाडीत बसल्या बसल्या त्या मला इतिहास सांगायच्या. एका एवढ्याशा गावात दोन शाळा होत्या, कारण चर्चवाल्यांची मुलं आणि चॅपलवाल्यांची, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची, मुलं एकाच देवाची प्रार्थना एका खोलीत करायला तयार नव्हती. हे ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडेही एकाच गणपतीसाठी दोन मंडळं होतात. एका जमीनदाराने शाळेला जागा दिली, पण अट घातली की बटाटे काढायच्या दिवसांत शाळा बंद ठेवायची, म्हणजे मुलं त्याच्या शेतावर येतील. "दान होतं," बाई म्हणाल्या, "बटाट्यांसकट." आमच्या घराच्या खिडक्या इतक्या उंच का, तेही कळलं. मुलांना बाहेरचं आभाळ दिसावं, पण रस्ता दिसू नये.

अशाच एका फेरीत त्यांनी त्यांच्या शाळेचा एक नियम सांगितला. नवीन मुलाने पहिल्या टर्ममध्ये काही मोडलं, तर ते हेडने मोडलं असं धरायचं. त्याला नियम समजावून द्यायचं काम हेडचं होतं ना. मात्र टर्म संपायच्या आत त्या मुलाने स्वतः उभं राहून सगळ्या शाळेसमोर खरं सांगायचं. एकदा बाहेरून आलेल्या शेतमजुराच्या मुलाने चर्चची काच फोडली. बाईंनी पाद्रीबाबांना सांगितलं, की चेंडू माझ्या हातून सुटला. पाद्रीबाबा काही दिवस बाईंशी जरा जपून वागले. शेवटच्या दिवशी प्रार्थनेनंतर मुलगा उभा राहिला.

"आणि नसता उभा राहिला तर?" मी विचारलं.

"तर काच मीच फोडली असती," बाई म्हणाल्या.

मी हसलो. विनोद वाटला होता मला.

आता खाचांबद्दल. 'गर्ल्स'च्या दाराशेजारी भिंतीच्या तांबूस दगडात बोटभर लांबीच्या खाचा होत्या. उभ्या, तिरक्या, खूप जवळजवळ. पूर्वी मुली पाटीवर लिहायच्या आणि पाटीच्या पेन्सिलीला टोक करायचं, तर वर्गात शिरताना या दगडावर घासायच्या. पिढ्यान् पिढ्या घासून दगड झिजला. बाईंच्या आजीनेही त्यात पेन्सिल घासलेली. आत येताना बाई दर वेळी एका खाचेत बोट घालून ते खालपर्यंत ओढायच्या आणि मग उंबरा ओलांडायच्या.

हे सगळं बाईंनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. माझं बोट धरून खाचेत घातलं होतं. मी मान डोलावली होती. आपली मान डोलावण्याची सवय किती घातक आहे, ते इंग्रजांना माहीत नसतं. त्यांना वाटतं समोरच्याला समजलं. मी त्या वेळी बॉयलरचा विचार करत होतो.

कारखान्यात माझं काम तपासणीचं. गिअरच्या दातावर ओरखडा दिसला, की तो माल परत. अख्खी नोकरी मी ओरखडे शोधण्यात आणि नापास करण्यात घालवली. शिवाय गणपती जवळ आले होते. त्या वर्षी प्रथमच आमच्या नव्या घरी गणपती बसणार होता, आणि बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅमहून मंडळी येणार होती. गणपती यायच्या आधी घराची डागडुजी करायची, ही आपल्या रक्तातली गोष्ट. त्यात सुलभाचा भाऊ पुण्याहून आलेला. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याने घराभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "भाऊजी, बाकी झकास. या भिंतीला तेवढं बघा. ओल धरेल."

मी थापी, सिमेंट आणि स्पंज घेऊन आलो. एका दुपारी सगळ्या खाचा बुजवल्या. नुसत्या बुजवल्या नाहीत, वरून घोटून गुळगुळीत केल्या. डोळे मिटून हात फिरवला तरी कळू नये, इतक्या. इतकं सुबक काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

गणपतीच्या दिवशी मंडळी आली. मेव्हण्याने भिंत दाखवली, काहींनी वा वा केलं. मेडनहेडहून आलेला आमचा मुलगा मात्र भिंतीपाशी थांबला आणि म्हणाला, "बाबा, धिस इज अ लिस्टेड बिल्डिंग. तुम्ही कौन्सिलला विचारला का?" त्याचं मराठी असंच आहे. मी म्हटलं, स्वतःच्या भिंतीला सिमेंट लावायला कोणाला विचारायचं. त्याने फोनवर काहीतरी शोधून माझ्यापुढे धरलं. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या इमारतीला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा होता. मी चष्मा नाही म्हणून वाचायचं टाळलं.

आरतीच्या आधी बाई आल्या. नेहमीसारखं त्यांचं बोट खाचेकडे गेलं. खाच नव्हती. बोट गुळगुळीत सिमेंटवर थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी ते खाली घेतलं, बूट काढले आणि आत आल्या. त्या एरवी कधीच बूट काढत नसत. आरतीला उभ्या राहिल्या, टाळ्यांचा ताल चुकवला, मोदक खाल्ला. मोदक मात्र टेबलावर आपटला नाही. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत आणि मला वाटलं, इतक्या लोकांत संकोचल्या असतील.

थोड्याच दिवसांत कौन्सिलचा माणूस आला. गावात एक इतिहास मंडळ आहे. बाईंनीच ते सुरू केलेलं. त्यातल्या कोणीतरी भिंत पाहून कळवलं असावं. माणूस अगदी तरुण आणि अगदी नम्र होता. अर्धं आयुष्य ब्रिटिश पासपोर्ट बाळगूनही, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस दारात दिसला, की मी आधी तो पासपोर्ट कुठल्या कपाटात आहे ते आठवतो. त्याने भिंतीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

बाई तिथेच होत्या. त्यांचा येण्याचा दिवस होता. मी म्हणालो, "त्याचं असं झालं," आणि थांबलो. कामगारावर ढकलावं का, असा विचार मी त्या क्षणी केला, हेही लिहून ठेवतो. कामगार नव्हताच, तरी केला.

"मी सांगितलं त्यांना," बाई म्हणाल्या. "ओल येईल अशी मला भीती वाटली. ते नवीन आहेत इथे. माझ्या शब्दावर विसंबले."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. आणि मान डोलावली.

सिमेंट आता खरवडलं तर मऊ दगडाचा आणखी तुकडा निघेल, म्हणून ते तसंच ठेवायचं ठरलं. मला सौम्य समज मिळाली. बाईंना जे मिळालं ते सौम्य नव्हतं, पण इंग्रजी पद्धतीचं होतं. इतिहास मंडळाचे अध्यक्ष गुरांचे निवृत्त डॉक्टर. स्वभावाने फार चांगले. त्यांनी बाईंना म्हटलं, की तुम्ही आता जरा विश्रांती घ्या. उन्हाळ्यात शनिवारी बाई लोकांना जुन्या शाळा दाखवत पायी फिरवायच्या, ते काम डॉक्टरांकडे गेलं. आमच्या घराविषयी मंडळाच्या माहितीपत्रकात एक ओळ आली: शेवटच्या मुख्याध्यापिकेच्या चुकीच्या सल्ल्यावरून या खाचा बुजवण्यात आल्या. आयुष्यभर ज्या बाईने एकेक दगड जपायला सांगितलं, तिच्या नावावर ही ओळ.

त्या दिवशी कौन्सिलचा माणूस गेल्यावर सुलभाने चहा टाकला. बाईंचा तो नियम मी तिला सांगितलेला होता. ती म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणजे शाळेतला नवीन मुलगा. पहिली टर्म आहे तुमची. कधी संपते ती?"

मी म्हटलं, योग्य वेळ बघून सांगतो. योग्य वेळ बघणं हे माझ्या तपासणीच्या अनुभवाला साजेसं काम होतं. ती मी वर्षानुवर्षं बघितली. आणि बाई येत राहिल्या, 'गर्ल्स'च्या दाराने, त्याच वारी. टोमणा नाही, आठवण नाही. त्या माझ्याशी पूर्वीइतक्याच चांगल्या वागायच्या. त्याहून वाईट शिक्षा मला तरी माहीत नाही. सुलभा अधूनमधून विचारायची, "मग, सुट्टी लागली का?" मी पेपर वाचायचो.

एका शनिवारी बाई आमच्याकडे चहा घेत असताना डॉक्टरांची मंडळी बाहेर येऊन थांबली. भिंतीपलीकडून डॉक्टरांचा आवाज येत होता. ते कागदावरून वाचून दाखवत होते. त्यांनी चर्चच्या शाळेला चॅपलची शाळा म्हटलं. मग ती खाचांची ओळ वाचली. कोणीतरी हळहळलं. आमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या बाईंनी हात वर केला. भिंतीकडे तोंड करून, चर्च-चॅपलची चूक सुधारायला. बाहेर कोणाला दिसणार होतं ते. मंडळी पुढे गेली. बाईंनी हात खाली घेतला आणि चहा संपवला.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी त्यांना आणखी एक बिस्किट दिलं.

पुढे बाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं आणि त्या शेजारच्या शहरातल्या केअर होममध्ये राहायला गेल्या. रबरी बुटांच्या जागी सपाता आल्या. शिट्टी मात्र गळ्यात होती. तिथल्या नर्सेस सांगायच्या, की जेवणाच्या वेळी त्या सगळ्यांना रांगेत बसवतात. त्याच सुमारास मंडळाने ठरवलं, की प्रत्येक जुन्या शाळेवर एक कायमचा धातूचा फलक लावायचा. आमच्या घराच्या फलकावर काय लिहायचं, ते मालक म्हणून मला विचारायला डॉक्टर आले. ती ओळ त्यात होती. पत्रक लोक फेकून देतात. धातू फेकून देत नाहीत. बाईंच्या आजीच्या पेन्सिलीची खूण मी पुसली होती आणि त्या जागी आता बाईंची चूक कोरली जाणार होती.

मी गाडी काढून केअर होमला गेलो. बाई खुर्चीत बसल्या होत्या.

"बाई, खाचा मी बुजवल्या," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला तसं करायला कधीच सांगितलं नव्हतं. लक्षात राहिलं असतं माझ्या."

"मी मंडळाला सांगणार आहे."

"कधी?"

मी गाडीच्या किल्ल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकल्या.

"टर्म बरीच लांबली," बाई म्हणाल्या. "आणि हे हेडच्या खोलीत येऊन सांगायचं नसतं. वर्गासमोर सांगायचं असतं."

सभेच्या दिवशी मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून गावच्या हॉलमध्ये घेऊन आलो. डॉक्टरांनी फलकाचे मजकूर वाचायला सुरुवात केली. आमच्या घराचा आला. ती ओळ आली. कोणाची हरकत, असं त्यांनी विचारलं. मी उठलो, म्हणजे अर्धा उठलो. गुडघ्यांमुळे अर्धा की आणखी कशामुळे, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. डॉक्टर पुढच्या शाळेकडे वळणार, तेवढ्यात बाईंनी हात वर केला. हॉल शांत झाला.

"यांना काही सांगायचंय," बाई म्हणाल्या.

मी बोललो. आधी गणपती म्हणजे काय ते सांगितलं. मग आपल्याकडे सणाआधी घराची डागडुजी का करतात ते. मग मेव्हण्याबद्दल, ओलीबद्दल, गिअरबद्दल. डॉक्टरांनी अतिशय सौजन्याने विचारलं, की याचा फलकाशी संबंध आहे का.

"थोडक्यात," बाई मागून म्हणाल्या.

मग मी थोडक्यात सांगितलं. हॉलमध्ये कोणी चकित झालं नाही. तो टकला शेतकरी, च्युइंगमवाला, म्हणाला, "आम्हाला वाटलंच होतं. बाई कधी सिमेंट लाव म्हणतील का?" म्हणजे इतकी वर्षं मी जिवापाड जपलेलं गुपित सगळ्या गावाला कळलेलं होतं. कोणी बोललं नाही, कारण बाईंनी सांगितलेलं खोटं ठरवायची कोणाची हिंमत नव्हती. ते ठरवू शकणारा एकच माणूस होता, आणि तो पेपर वाचत होता. डॉक्टर उठून बाईंकडे गेले आणि जे झालं ते फारच दुर्दैवी झालं असं म्हणाले. इंग्रजाच्या तोंडी हा जवळजवळ लोटांगणाचा प्रकार आहे. ओळ बदलली. फलकावर आता माझं नाव आहे. डॉक्टर नुसतं 'मालकाने' लिहीत होते. बाईंनी नाव घालायला लावलं.

शनिवारची फेरीही बाईंना परत मिळाली. त्यांना चालता येत नाही, म्हणून खुर्ची ढकलायचं काम माझं. इतर शाळांपाशी त्या बोलतात. आमच्या घरापाशी मात्र मीच बोलायचं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पहिल्या शनिवारी मी सगळं सविस्तर सांगितलं. पाहुणे फलक वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा फलक वाचायचे. मंडळी पुढे गेल्यावर बाई म्हणाल्या, "गणपती काढा." पुढच्या शनिवारी मी गणपती काढला. "ओल काढा." ओल काढली. मग मेव्हणा गेला, गिअर गेले, बॉयलर गेला, कौन्सिलच्या माणसाचं ओळखपत्र आणि माझा पासपोर्टही गेला. एकेक कारण त्या काढत गेल्या आणि दर वेळी मला वाटायचं, की आता मी अगदीच वाईट दिसतोय. बाईंना ते चालायचं.

हा लेख मराठीत लिहिला, म्हणून एवढा लांबवता आला. बाईंना मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासमोर, भिंतीपाशी, मला आता एवढंच बोलायची परवानगी आहे:

"या खाचा मी बुजवल्या. बाईंनी माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी सांगू दिलं."

मग बाई म्हणतात, "चला, पुढची शाळा," आणि मी खुर्ची ढकलायला लागतो.